शुक्रवारचं पाणी

यझ्दची हवा अशी
की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळावं,
तर मागे त्याचा पापड झालेला.
माझ्या डोक्याचंही तेच.
काळ्या मकनाच्या आत, कानामागून निघायची खाज,
भांगाभांगाने वर चढत टाळूवर ठाण मांडायची.
मी पेन्सिलीचं बोथट टोक आत घालून खाजवायचे.
खांद्यांवर पांढरा भुगा.

आणि नोकरी कुठे, तर औषधांच्या दुकानात!
मागच्या फळीवर कोंड्याचे सात शांपू.
सातही लावून झाले.
गिऱ्हाईक विचारायचं, हा चांगला का?
मी म्हणायचे, उत्तम,
आणि उजवा हात डाव्या हाताने
टेबलाखाली धरून ठेवायचे.

तळमजल्यावर तूबा खानुम राहते.
तीस वर्षं तिने बायकांची प्रेतं धुतली.
आता गुडघे गेले, म्हणून सुटली.
आमच्या इमारतीत तिच्या हातचं कुणी खात नाही.
तोंडावर कोण म्हणेल?
तिने केशराची खीर पाठवली की
सगळ्यांची साखर वाढलेली असते.
आमचीही वाढायची.

जिन्यात तिने माझी पेन्सिल पाहिली.
"शुक्रवारी ये," म्हणाली, "रिकाम्या पोटी नको."

सेद्र म्हणजे रानबोरीचा पाला,
सावलीत वाळवलेला, कुटलेला.
तिने तो जुन्या मोज्यातून चाळला,
आम्ही दोघी आळीपाळीने शिंकलो.
खत्मीची फुलं रात्रीच भिजत घातली होती,
शेजारच्या वाटीत बिहीच्या बिया,
त्यांचा चिकट बुळबुळीत रस
बोटाला धरला की सोडायला तयार नाही.
वर चमचाभर दही.
"किती घ्यायचं?" मी विचारलं.
तिने तळवा दाखवला.

मग मी ते विचारलंच.
"तिथेही हेच?"
"हेच. पहिल्या पाण्यात हे, दुसऱ्यात कापूर, तिसरं नुसतं.
तुला कापूर नाही घालत. मान खाली कर."

मान खाली केली.
मानेवर तिची बोटं आली तेव्हा
मी श्वास धरला होता, हे खरं.
तिने उजवीकडून सुरू केलं. मग डावीकडे.
नखं नाहीत, नुसती पेरं,
कुठे घाई नाही, कुठे विसरणं नाही,
कानाच्या पाळीमागची घडीसुद्धा उलगडून.
तांब्या ओतला आणि एकदम थांबली.
"पोळतंय का गं?
सांगत जा.
मला विचारायची सवय नाही."

नंतर दर तांब्याला विचारत राहिली.
नाही. थोडं. आता बरं.
डोळ्यात गेलं!
"डोळ्यात गेलं," ती हसायला लागली,
हसता हसता मोरीच्या कट्ट्यावर टेकली,
"डोळ्यात गेलं म्हणते!"
मी साबणाच्या फेसात आंधळी,
टॉवेल शोधत चाचपडतेय,
आणि ती ओल्या हातांनी स्वतःचे डोळे पुसतेय.

केस उन्हात वाळले, बदामतेलाचे चार थेंब.
मग चहा.
पेला माझ्यापुढे सरकवून
ती गालिच्याच्या काठाचे गोंडे सरळ करत बसली,
एक झाला की दुसरा,
माझ्याकडे न बघता.
खडीसाखर दातांत धरून मी प्यायले.
दुसराही मागितला. पहिला फारच कडक होता,
पण तो काही मुद्दा नव्हता.

खाज गेली का?
गेली म्हणवत नाही.
तिसऱ्या शुक्रवारी भुगा थांबला.
कानामागे अजून आहे थोडी, परीक्षेच्या दिवसांत जास्त.

काल दुकानात एक बाई आली,
बोलता बोलता हात सारखा मकनाखाली.
तिला चौथ्या नंबरची बाटली दिली,
पगार त्याचाच मिळतो.
पिशवीत मात्र एक पत्ता लिहून टाकला,
तळमजला, निळं दार, शुक्रवारी, जेवून जा.
तूबा खानुम आधी काय करायची ते लिहिलं नाही.
ते तीच सांगेल,
पाणी ओतता ओतता.